आपला आपण मालक

नाबोर उरिबे स्टिअरिंगवर पाय टाकून झोपला होता आणि त्या झोपेचा त्याला पगार मिळत होता.

त्याच्या मागच्या ट्रकमध्ये एलिसेओ बारागान बसला होता. टोमॅटोच्या कारखान्यासमोर रांग पार कालव्याच्या पुलापर्यंत गेली होती. दोघांच्याही ट्रकमागं दोन-दोन डबे, डब्यांत काठोकाठ टोमॅटो, एकाच शेतातले, एकाच यंत्रानं उपटलेले. दोघांना शेतावर धाडणारा माणूसही एकच, हॅडली ब्रदर्स कंपनीचा डेल. पण नाबोर त्या कंपनीचा नोकर, त्याला तासावर पगार. एलिसेओ आपला आपण मालक, त्याला खेपेवर पैसे. रांग पुढं सरकली तरच एलिसेओची कमाई. रांग तटली तरी नाबोरचं घड्याळ चालूच.

ऑगस्टातली दुपार होती. पुढच्या पांढऱ्या ट्रकच्या काचा बंद होत्या, आत थंड हवा चालू होती, डिझेल कंपनीचं. एलिसेओचं डिझेल स्वतःचं, म्हणून इंजिन बंद. खिडकीतून धूळ आणि आंबलेल्या टोमॅटोचा वास आत येत होता. पाठीखाली घातलेला टॉवेल पिळला असता तर पाणी निघालं असतं. लघवीला लागली होती, पण उतरावं आणि रांग हलावी, म्हणजे मागचे चार जण हॉर्न मारून जीव घेतील. त्यानं सीटखालची बाटली काढली आणि तिथंच मोकळा झाला. पुढच्या ट्रकच्या बाजूच्या आरशात नाबोरची टोपी दिसत होती. झोपेत ती एका बाजूला कलली होती.

'निवांत आहे गडी,' एलिसेओ स्वतःशीच म्हणाला, आणि बाटलीचं झाकण गरजेपेक्षा जास्त जोरानं आवळलं.

थोड्या वेळानं नाबोरला जाग आली. त्यानं आरशात पाहिलं, ट्रक उजव्या अंगाला घेतला आणि खिडकीतून हात काढून 'जा पुढं' अशी खूण केली. हे तो रोज करायचा. त्याचं त्यात काही जात नव्हतं, उलट थांबेल तेवढा त्याचा फायदाच. पांढऱ्या ट्रकवाले सगळेच ओळखीच्या खेपवाल्यांना असं पुढं सोडत आणि कुणाला त्यात काही वाटत नसे. एलिसेओला मात्र वाटायचं. पुढं जाऊ नये असं मनात यायचं आणि पुढं तर जावंच लागायचं. शेजारून जाताना त्यानं आभाराचा हात वर केला, तो अर्धाच.

"काय ओ कोम्पाद्रे," नाबोर खिडकीतून म्हणाला, "तोंड का असं झालंय? जेवला नाही?"

"मालक लोकांना जेवायला वेळ कुठला," एलिसेओ म्हणाला. "तुमचं बरंय. तुम्हाला तर घास गिळायचेही पैसे मिळतात."

नाबोर हसला. हसण्यासारखंच बोलणं होतं, पण एलिसेओ हसत नव्हता.

दोघं सीमेपलीकडच्या मिचोआकानातल्या एकाच गावचे. एकाच वर्षी सीमा ओलांडून इकडं मेंडोटाला आले, एकाच शेडमध्ये खरबुजं भरली, एकाच हिवाळ्यात मोठ्या गाडीचं लायसन काढलं. एलिसेओला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिला हातावर घेतलं ते नाबोरनं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे झाले, आणि लहानपणापासूनची 'अरे-तुरे' सुटून 'अहो-जाहो' आली. आमच्याकडे तशीच रीत आहे. पोरीचा धर्मबाप म्हणजे भावापेक्षा वरचा, त्याला तू म्हणत नाहीत.

ट्रकही दोघांनी बरोबरच घेतले होते, कंपनीकडूनच, हप्त्यांवर. एलिसेओनं आपल्या ट्रकच्या नाकावर लाल अक्षरांत 'ला मोरेना' असं रंगवून घेतलं, म्हणजे सावळी, म्हणजे त्याची बायको चायो. दारावर मात्र हॅडली ब्रदर्सची पाटी. ती नसली तर शेतात कुणी शिरू देत नसे. पुढं कायदा बदलला, अशा खेपवाल्यांना नोकर धरायला सांगू लागला, आणि कंपनीनं दाखवायला म्हणून थोडे ड्रायव्हर नोकरीत घेतले. नाबोरनं ट्रक विकला आणि त्यांच्यात जाऊन बसला. त्या रविवारी अंगणात मांस भाजत असताना सगळ्यांच्या देखत एलिसेओ म्हणाला होता, "कोम्पाद्रेंनी गळ्यात पट्टा बांधून घेतला. मी नाही बुवा. मी कुणाचा नोकर नाही."

लोक हसले होते. नाबोरनं मान खाली घालून कोळसे सारखे केले होते. पण तो पट्टा किती मऊ आहे, हे एलिसेओला पहिल्याच मोसमात कळलं. तेव्हापासून त्याचा जळफळाट सुरू झाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चायो न्हाणीतल्या आरशासमोर उभी होती. तिच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढत चाललं होतं. शेतात, धुळीत, उन्हात जन्म काढलेल्या बायकांना आमच्याकडे ते होतंच. आधी पांढऱ्यात असतं तोवर नुसतं खुपतं. बुबुळावर चढलं की दिसायचं कमी होतं. चायोचं आता बुबुळावर चढलं होतं.

"देल्फिनाकडे गेले होते," ती आरशातूनच म्हणाली. देल्फिना म्हणजे नाबोरची बायको. "तिचा डोळा बघितलास? काढलं म्हणून सांगूनही पटणार नाही. दुधासारखा पांढरा."

"असेल."

"नाबोरच्या कंपनीच्या विम्याच्या कार्डावर झालं. सकाळी गेली, दुपारी घरी. पट्टी बांधून वर आराम. सुनेकडून पाय चेपून घेतले म्हणे."

"तू कशाला जातेस तिच्याकडे रोज?"

"रोज कुठं? तिनंच बोलावलं. 'कोमाद्रे, तुमचंही काढून टाका,' म्हणते. मी म्हटलं, काढू की. आमचे हे मालक आहेत, कंपनीच विकत घेतील." चायोनं ओल्या रुमालानं डोळा दाबला. "शेडमध्ये आज दोनदा नासकं खरबूज चांगल्यात गेलं माझ्या हातून. सुपरवायझर बघून गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

एलिसेओ बूट काढत होता. एक बूट निघाला, दुसरा तसाच पायात ठेवून तो बसून राहिला.

तसं या दुखण्याचं औषध चालू होतं, पण त्याची वाच्यता तो करत नसे. अकरा खेपवाल्या ड्रायव्हरांनी मिळून कामगार कार्यालयात तक्रार केली होती, की आम्ही नावाचे मालक आहोत, कामानं नोकरच आहोत, आम्हाला नोकर धरा. चायोनं त्याच्यामागं लागून लागून त्याचंही नाव त्यात घालायला लावलं होतं. नाबोर साक्षीदार होता. त्यानं दोन्ही बाजूंनी काम केलेलं, आणि दोन्हीकडे काम तसूभरही वेगळं नव्हतं हे सांगायला त्याच्याइतका चांगला माणूस दुसरा नव्हता. सुनावणी गुरुवारी फ्रेस्नोला होती.

रविवारी नाबोर न बोलावता आला आणि ग्रीसची पिचकारी घेऊन 'ला मोरेना'च्या खाली शिरला. एलिसेओ दांडक्यानं टायर ठोकत फिरत होता. हवा भरलेल्या टायरचा आवाज वेगळा येतो, बसलेल्याचा वेगळा.

"आमचं अंगण आता बोडकं दिसतं," नाबोर खालून म्हणाला. "दहा वर्षं सकाळी दार उघडलं की समोर ट्रक. आता देल्फिनानं तिथं गुलाब लावलेत. गुलाबाला कसलं ग्रीस लावू?"

"तुमचा पांढरा आहे की."

"तो यार्डात राहतो. रात्री त्याला कोण चालवतं कोण जाणे. सकाळी सीट मागं सरकवलेली असते, दुसऱ्याचा वास असतो." त्यानं डोकं बाहेर काढलं. कपाळाला काळा डाग लागला होता. "खरं सांगू का, तुमच्या या म्हातारीकडे बघितलं की मला अजून कसंतरी होतं."

एलिसेओला ते ऐकून बरं वाटलं. किती बरं वाटलं याची त्याला लाजही वाटली, पण बरं वाटणं काही कमी झालं नाही.

"मग विकला कशाला?" तो म्हणाला.

"देल्फिनाचा डोळा," नाबोर म्हणाला आणि पुन्हा खाली शिरला. "गुरुवारी काळजी करू नका. मी सगळं नीट सांगतो. तुमचं काम झालं असं समजा."

एवढंच तो म्हणाला, पण एलिसेओच्या हातातलं दांडकं थांबलं. तुमचं काम झालं असं समजा. म्हणजे उद्या कार्ड मिळालं तर ते नाबोरनं मिळवून दिलेलं. चायोचा डोळा उघडेल तो नाबोरच्या साक्षीनं. मग जन्मभर देल्फिना चर्चच्या पायरीवर बायकांना सांगणार, आमच्या यांच्यामुळे झालं हो. रांगेत पुढं सोडणं परवडलं, असं त्याला झालं.

मंगळवारी डेलनं त्याला शेताच्या बांधावर गाठलं. डेल गाडीतून उतरत नसे. काच खाली करून आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलायचा.

"एलिसेओ, तू शहाणा माणूस आहेस. त्या तक्रारीत तुझं नाव बघून मला वाईट वाटलं."

एलिसेओनं बुटाच्या टोकानं बांधावरचं ढेकूळ फोडलं.

"तू स्वतंत्र आहेस, तुला कुणी हुकूम करत नाही. तूच म्हणतोस ना सगळीकडे? तेच गुरुवारी सांग, खोटं काही नाही. पुढच्या मोसमात दोन पांढरे ट्रक येणार आहेत. एकावर तुझं नाव घालतो. पगार, कार्ड, सगळं." डेलनं काच वर करता करता म्हटलं, "त्यासाठी त्या नाबोरच्या पाया पडायची तुला गरज नाही."

माणसाला कुठं दुखतं हे डेलला बरोबर कळायचं. त्याला पगार त्याचाच मिळत असावा.

एलिसेओनं घरी चायोला सांगितलं. ती मिरच्या खुडत बसली होती, खुडतच राहिली.

"म्हणजे नोकर नाही असं सांगितलंस तर तुला नोकर करणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि बाकीच्या दहांचं?"

"त्यांचं त्यांनी बघावं. तुला डोळा हवाय ना?"

"मला डोळा हवाय," चायो म्हणाली. "पण या डोळ्यानं त्या दहाजणांच्या बायकांकडे बघायचं कसं, तेही सांग." मिरचीचा हात डोळ्याला लागला की काय, तिनं मान वळवली. "नाबोरचं देणं नको म्हणून डेलचं घेतोस. म्हाताऱ्या, तुला चांगलं ओळखते मी."

एलिसेओ उठून बाहेर गेला आणि ट्रकची काच पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

गुरुवारी फ्रेस्नोला सुनावणीच्या खोलीत एसी इतका गार होता की ड्रायव्हर लोक हात काखेत घालून बसले होते. चायो कामावर खाडा करून आली होती. अधिकारी बाई तरुण होती, नाक सर्दीनं लाल झालेलं. शेजारी दुभाषा. कंपनीचा वकील पायावर पाय टाकून बसला होता. आधी नाबोरची साक्ष झाली. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तो सावकाश, मुद्द्याला मुद्दा बोलत होता. मालक होतो तेव्हाही डेलच सांगायचा कुठं जायचं, नोकर झालो तेव्हाही डेलच. तेच शेत, तीच रांग. बाकीचे ड्रायव्हर माना हलवत होते. एकानं तर बसल्या जागी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. एलिसेओ ते बघत होता. एवढं नीट बोलायला हा कुठं शिकला, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं.

"कामावर कधी यायचं, हे कोण ठरवतं?" बाईनं विचारलं.

एलिसेओनं नाबोरकडे पाहिलं. नाबोर त्याला धीर द्यायला किंचित हसला. त्या हसण्यानंच घात केला.

"मी ठरवतो," एलिसेओ म्हणाला. "मी माझा मालक आहे."

खोलीतले दहा ड्रायव्हर हलायचे थांबले. वकिलानं पायावरचा पाय काढला.

"खेप नको म्हणता येतं?"

"येतं की."

"कधी म्हटलंय?"

एलिसेओनं मांडीवरची टोपी उलटी केली, सुलटी केली.

"कधी सुट्टी घेतलीय? मोसमात एखादा दिवस? घरचं काही लग्न, आजारपण, मयत?"

मयत हा शब्द दुभाष्यानं अगदी साध्या आवाजात म्हटला.  एलिसेओनं चायोकडे पाहिलं नाही. पाहिलं ते नाबोरकडे, कारण उत्तर नाबोरला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. आता आपण खोटं बोललो तर या खोलीत एक माणूस असा आहे की ज्याला ते कळेल. आणि खरं बोललो तर याच माणसासमोर पुन्हा उघडं व्हावं लागेल. 

नाबोर उठला. त्यानं खुर्चीखालून टोपी घेतली, बाईकडे बघून मान लववली आणि दार ओढून घेत बाहेर गेला.

दार लागलं. एलिसेओ त्या दाराकडे बघत राहिला. मग त्यानं हात टेबलावर ठेवले.

"माझी आई गेली," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. असाच टोमॅटोचा मोसम. मी डेलला फोन केला, गावी जातो म्हटलं. तो म्हणाला, जा, पण मग परत येऊ नकोस, तुझी जागा भरली असं समज. ट्रक कंपनीकडूनच घेतलेला, हप्ते बाकी. मी गेलो नाही."

दुभाषा थांबून थांबून सांगत होता.

"मग कारखान्यासमोरच्या रांगेत होतो. नाबोरच्या भावानं तिकडं कबरीपाशी फोन धरला होता. मी इकडं फोनमध्ये बघत होतो. पेटी खाली सोडत होते. तेवढ्यात रांग हलली, मागून हॉर्न वाजायला लागले. मी फोन मांडीवर ठेवला, ट्रक पुढं घेतला. परत फोन उचलला तोवर माती टाकून झाली होती." त्यानं नाक पुसलं. "नाबोर आपला ट्रक रांगेत सोडून माझ्याजवळ येऊन बसला. तेव्हा तोही खेपवालाच होता. त्याच्या मागचे सगळे पुढं निघून गेले. तो उतरला नाही. मी रडलो ते त्यानंच बघितलंय. म्हणून मला त्याच्यासमोर सांगवेना. कसला मालक मी, बाई. सीटखाली बाटली घेऊन फिरतो."

शेवटचं वाक्य दुभाष्यानं आधी वगळलं होतं. बाईनं त्याला ते पुन्हा विचारून घेतलं. चायो रुमालानं दोन्ही डोळे पुसत होती. वकील फोन घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला, आणि बाईनं पाच मिनिटं थांबायला सांगितलं.

बाहेर नाबोर भिंतीच्या सावलीत उभा होता.

"कुठं गेला होता?" एलिसेओनं विचारलं.

"लघवीला."

"इतका वेळ?"

"वय झालं आता, कोम्पाद्रे."

दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिले.  तेवढ्यात एलिसेओचा फोन वाजला. वर्षानुवर्षं इंजिनाजवळ बसून त्याचा डावा कान गेलेला, उजवाही जेमतेम, म्हणून त्याचा फोन नेहमी मोठ्यानं बोलायचा. डेलचा आवाज मागोमाग बाहेर आलेल्या चायोलाही ऐकू आला, नाबोरलाही.

"उद्यापासून येऊ नकोस. दारावरची पाटी यार्डात आणून टाक. तुला काढलंय."

फोन बंद झाला.  एलिसेओच्या मनात आधी आलं ते हे, की नाबोरनं ऐकलं. मग आलं, की नाबोरनंही साक्ष दिलीय, पण त्याला असा फोन यायचा नाही. त्याला काढायचं तर कायदा आडवा येतो. आपल्याला काढायला अर्धं मिनिट पुरलं. इतकी आग त्याला त्या पांढऱ्या ट्रकच्या थंड हवेनंही कधी लागली नव्हती.

"हलकट," नाबोर म्हणाला. "कोम्पाद्रे, मी बोलतो यार्डात..."

"तुम्ही नका बोलू," एलिसेओ म्हणाला. "तुम्ही काही करू नका आता. पाया पडतो."

चायो मात्र एका जागी उभी राहून विचार करत होती. चांगला डोळा तिनं बारीक केला होता.

"काय म्हणाला तो?" ती म्हणाली. "शेवटचं काय म्हणाला?"

"बहिरी झालीस का? काढलंय म्हणाला."

"नोकर नव्हतास ना तू त्याचा?"

"नाही."

"मग काढलं कशातून?"

 नाबोरच्या तोंडून आधी नुसताच श्वास बाहेर पडला, मग तो हसायला लागला. भिंतीला हात टेकून, टोपी पडेपर्यंत हसला. चायोनं नवऱ्याचा दंड धरला. खरबुजं उचलून तिचे हात लोखंडासारखे झाले होते. त्याला ओढतच ती दारातून आत घेऊन गेली. अधिकारी बाई नाक शिंकरत कागद सारखे करत होती.

"बाई," चायो दुभाष्याची वाट न बघता म्हणाली, "लिहून घ्या. यांना आत्ताच नोकरीवरून काढलं."